नववीच्या हातात कामटी द्या

राज्यातल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

आदरणीय मुख्याध्यापक सर आणि बाई,



दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या टेबलावर डिसेंबरचं नियोजन येतं. स्नेहसंमेलन, क्रीडासप्ताह, सहल, चाचणी. त्याच कागदावर चोवीस तारखेपुढे कुणीतरी ‘नाताळ, सजावट’ असे दोन शब्द लिहितं आणि ते काम चित्रकलेच्या शिक्षकाकडे येतं. वसई तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं चित्रकला शिकवते आहे. हे पत्र त्या दोन शब्दांविषयी आहे.

त्या दोन शब्दांचं बहुतेक ठिकाणी काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं आहे. कार्डशीटचं झाड, त्यावर कापसाचा बर्फ, कडेला टिकल्या, आणि बाजारातून आणलेला लाल टोपीचा सांता. पाचवीच्या मुलांनी हे जरूर करावं, त्यांना त्यात आनंद मिळतो. पण आपण आठवी, नववी, दहावीलाही तेच देतो. नववीतला मुलगा घरी सायकलची चेन बसवतो. आमच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरच्या एखाद्या मुलाला आजोबांशेजारी बसून फाटलेलं जाळं सांधता येतं. मुली भाकऱ्या थापतात, लहान भावाच्या शर्टाला बटण लावतात. अशा हातांना आपण कापूस आणि डिंकाची बाटली देतो. दहा मिनिटांत काम उरकतं, उरलेली पंचवीस मिनिटं वर्ग गडबड करतो, आणि शिक्षक-खोलीत येऊन आपण म्हणतो की हल्लीच्या मुलांना कलेची आवड राहिली नाही.

मीही सहा-सात वर्षं हेच केलं. मग एका डिसेंबरात वाडीतून येणाऱ्या एका मुलीनं कापूस पिंजता पिंजता, मान वर न करता विचारलं, “बाई, बर्फ कशाला? आमच्या गोठ्यात तर नाचणी असते.”

मला उत्तर देता आलं नाही. त्या रविवारी मी तिच्या घरी गेले. ओटीवर एका कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा उभा राहत होता. बांबूचे खांब, वर पेंढ्याचं छप्पर, मागे गोणपाट मातीच्या राबड्यात बुडवून केलेला डोंगर. पलीकडे पसरट टोपलीत मातीवर नाचणी उगवून चार बोटं वर आली होती. तिच्या आजीनं ती नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात पेरली होती. चोवीसला ती बरोबर हवी तेवढी वाढते, आधी पेरली तर आडवी पडते, असं आजीनं सांगितलं. गोठ्याच्या पुढे विहीर होती, विहिरीवर काड्यांचा रहाट होता, आणि तो हातानं फिरवला की खरंच फिरत होता. केळीची बाग होती. मरिया, योसेफ आणि मेंढपाळ जुन्या पेटीतून काढून पुसून ठेवले होते. बाळाची जागा मात्र रिकामी होती, कारण बाळ मध्यरात्रीच्या मिस्सा या प्रार्थनेनंतरच ठेवायचं.

हे सगळं पाहताना मला आठवत होता तो आमच्या अंगणातला दिवाळीचा किल्ला. तीच माती, तेच गोणपाट, तेच उतारावर पेरलेले अळीव. महाराष्ट्रातल्या ज्या मुलानं एकदा तरी किल्ला बांधला आहे, त्याला गोठा बांधायला वेगळं काही शिकवावं लागत नाही. दगडांवर गोणपाट कसं बसवायचं, पाणी किती मारायचं, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. आपण मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच्या हाताला जे येतं ते डिसेंबरात विसरायला लावतो आणि त्याला कधीही न पाहिलेला बर्फ करायला सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नाताळसाठी खरं काम द्या. ज्यात मोजमाप लागतं, हत्यार धरावं लागतं, जे पहिल्या वेळी बिघडतं आणि दुसऱ्या वेळी जमतं, असं काम.

आमच्या वर्गात आता नववीला तारा होतो. कसा होतो ते सविस्तर सांगते, कारण ते वाचल्यावर माझ्या मागण्या तुम्हाला अवाजवी वाटणार नाहीत.

बुरुडाकडून मी तयार कामट्या न घेता बांबू आणते. दोन-तीन बांबूंत पन्नास मुलांच्या वर्गाचं भागतं, कारण दोघांत मिळून एक तारा. बांबू उभा चिरताना पात्याला कुठे जोर द्यायचा आणि पेरापाशी ते कसं अडतं, हे सांगून कळत नाही. चिरलेली कामटी तासायची, कूस बोटात जाऊ नये म्हणून काचकागदानं घासायची. एका ताऱ्याला अशा दहा कामट्या लागतात, प्रत्येक ६० सेंटिमीटरची. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलनं खूण करायची, मध्ये १४ उरतात. पाच कामट्या एकीवरून, एकीखालून अशा घातल्या की खुणेवर खूण येते, मध्ये पंचकोन तयार होतो आणि पाच टोकं दोऱ्यानं बांधली की एक सपाट तारा होतो. असे दोन करायचे. एकावर एक ठेवून टोकाशी टोक बांधायचं. मग पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, दहा-दहा सेंटिमीटरच्या पाच खुंट्या उभ्या करायच्या. पहिली खुंटी बसताना सांगाडा कुरकुरतो. तिसरी बसली की एक बाजू उचलली जाते आणि मुलं घाबरतात. पाचवी जागेवर बसते तेव्हा इतका वेळ जमिनीवर पसरलेल्या काड्या एकदम फुगून ताऱ्यासारख्या उभ्या राहतात. तो क्षण इतक्या वर्षांत मला कधी शिळा वाटला नाही.

गेल्या वर्षी एका जोडीचा तारा मुरडत होता. तिसरी खुंटी बसवली की पहिली उडायची. दोघंही खुंटीला दोष देत होते, मग दोऱ्याला दिला, मग एकमेकांना. तास संपला. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एकानं सगळ्या गाठी सोडल्या, दहाही कामट्या फरशीवर ओळीनं मांडल्या आणि एकेकीवर पट्टी ठेवत गेला. हा मुलगा गणितात जेमतेम काठावर पास होणारा. सातव्या कामटीवर थांबला. ती ५८ सेंटिमीटर होती. त्यानं नवी कामटी कापली, खुणा केल्या, तारा बांधला. चुकलेली कामटी टाकून दिली नाही. तिच्यावर ‘५८’ लिहून माझ्या खणात ठेवायला दिली. ती अजून तिथेच आहे.

६०, २३ आणि १४ हे आकडे मुलांना मी आधी समजावून सांगत नाही. तारे झाले की फळ्यावर लिहिते आणि म्हणते, ६० ला ३७ नं, म्हणजे २३ अधिक १४ नं, भागा, मग ३७ ला २३ नं भागा. दोन्ही उत्तरं १.६ च्या किंचित पुढे येतात. पंचकोनाच्या कर्णांत दडलेलं हे गुणोत्तर ग्रीकांपासून गणितज्ञांना भुरळ घालत आलं आहे, आणि ते आमच्या मुलांच्या हातात आधी येतं, वहीत नंतर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी आपण मुलांकडून कर्तव्यभूमिती घोटून घेतो. केंद्राभोवती ७२ अंशांचे कोन करून पंचकोन काढायला शिकवतो. पेपर झाला की तो पंचकोन मुलांच्या आयुष्यातून जातो. या मुलांच्या बाबतीत तो शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला असतो.

मग कागद. पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ. मागचा पंचकोन बल्ब सोडायला उघडा ठेवायचा आणि बाकी एकवीस तुकडे एकेक मापून कापायचे. ओल्या खळीनं कागद आधी सैल पडतो, सुरकुततो, आणि मुलांना वाटतं सगळं बिघडलं. रात्रभरात तो वाळून ताणला जातो. सकाळी टिचकी मारली की डफासारखा वाजतो. हेच हात दिवाळीत षटकोनी कंदील करतात, करंज्या आणि झिरमिळ्या लावतात. कंदिलाची कामटी, कागद, खळ, दोरा सगळं तेच, फक्त आकार वेगळा. फिलिपिन्समध्ये नाताळला लावतात तो ‘पारोल’ही मुळात असाच बांबूचा आणि पातळ कागदाचा पाच टोकांचा तारा आहे. आमच्या मुलांनी त्याचं चित्र पाहिलं तेव्हा पहिला प्रश्न आला, “त्यांच्याकडे खळ कशाची करतात?” कारागीर कारागिराला जे विचारतो तेच त्यांनी विचारलं.

नाताळच्या ताऱ्यांत आज जगभर ओळखीचा असलेला एक तारा शाळेतच जन्मला हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात निस्की नावाचं गाव आहे. तिथे मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची मुलांची निवासी शाळा होती. १८३० च्या दशकात तिथल्या भूमितीच्या तासाला मुलांना घनाकृतीवर कागदी सुळके बसवायचा सराव दिला गेला. चौकोन आणि त्रिकोण मिळून सव्वीस बाजूंची घनाकृती, तिच्यातली वरची एक बाजू टांगण्यासाठी मोकळी आणि उरलेल्या पंचवीस बाजूंवर पंचवीस सुळके. सतरा चौकोनी तळाचे, आठ त्रिकोणी तळाचे. पुढे हेर्नहुट गावात त्याचा कारखाना निघाला, आणि आजही तो तारा ‘हेर्नहुटचा तारा’ म्हणून घरोघरी लागतो. ज्याला जगानं नाताळचं चिन्ह मानलं ती वस्तू शाळकरी मुलांचा भूमितीचा सराव होती. त्या शाळेनं मुलांना कापूस चिकटवायला दिला असता तर ती कुठून आली असती? दहावीच्या वर्गाला मी आता हाच तारा देते. साध्या कार्डशीटचे पंचवीस सुळके, प्रत्येकाच्या कडेला चिकटवायची पट्टी. पट्टी विसरलेला सुळका कशालाच चिकटत नाही, हे एकदा कळलं की पुढच्या चोवीसांना कुणी विसरत नाही.

गोठ्याकडे परत येते. इटलीतल्या ग्रेचो गावात १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण ठेवून नाताळ साजरा केला, तिथून गोठ्याची प्रथा पसरली असं मानतात. तेव्हापासून ज्यानं गोठा केला त्यानं त्यात आपलं गाव आणलं. पोलंडमधल्या क्राकूव शहरात गवंडी आणि सुतार हिवाळ्यात बांधकामं थांबली की गोठे बनवत, आणि त्यांच्या गोठ्यांना शहरातल्या चर्चचे मनोरे आणि घुमट असत. आजही तिथे चॉकलेटच्या रंगीत चांदीनं मढवलेले मनोरे करतात, आणि २०१८ मध्ये युनेस्कोनं त्या परंपरेची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. गोव्यात गोठ्याभोवती धान्य रुजवतात, आमच्या वाडीत नाचणी. आठवीच्या मुलांना मी सांगते की तुमच्या गल्लीचा गोठा करा. एका गटानं रेल्वेच्या पुलाखालचा केला, कारण त्यांना वाटलं की ज्यांना कुठेच जागा मिळत नाही ते आज तिथे झोपतात. ते मला सुचलं नसतं.

थर्माकोल मात्र आम्ही वापरत नाही. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तरीही अनेक शाळांच्या दारात तो डिसेंबरात दिसतो. माती, पेंढा, कामटी, जुने पुठ्ठे असताना त्याची गरज काय?

ज्या शाळेत बांबू आणणं अगदीच जमणार नाही, तिथे निदान शुभेच्छापत्रं तरी मुलांना स्वतः रचू द्या. नकलेला दुसऱ्याचं चित्र देण्याऐवजी त्यांना आंजेलो दा फोन्सेका यांची चित्रं दाखवा. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेले हे चित्रकार शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी अनेक वर्षं चित्रं काढली. त्यांची मरिया साडी नेसते. तिचा चेहरा इथल्याच बाईचा आहे. यामुळे त्यांच्या स्वतःच्या समाजातल्या लोकांनी त्यांना बोल लावले, तरी ते काढत राहिले. १९६७ साली त्यांचं निधन झालं. पुण्यात शिकणाऱ्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? मी दरवर्षी त्यांच्या दोन चित्रांच्या प्रती वर्गात टांगते आणि काहीही सांगत नाही. पाच-सात मिनिटांत कुणीतरी म्हणतं, “बाई, ही तर आमच्या मावशीसारखी दिसते.” त्यानंतर मुलं जी पत्रं काढतात, त्यांत पालखी उतरवावी तसे उंट थांबलेले असतात, मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी असते, आणि आकाशात तारा बहुधा माडाच्या झावळीमागे असतो.

आता तुमच्या मनातल्या शंका. त्या मी वेगवेगळ्या मुख्याध्यापकांकडून ऐकल्या आहेत आणि त्यामागची काळजी खरी आहे.

पहिली शंका हत्यारांची. मी पूर्वी ज्या शाळेत होते, तिथे एका मुलाच्या बोटाला कटर लागला. दोन टाके पडले. दुसऱ्या दिवशी सगळे कटर, कात्र्या, करवती कपाटात बंद झाल्या आणि पुढची तीन वर्षं त्या शाळेतली नववी कागद हातानं फाडत होती. पालकांना काय उत्तर द्यायचं ही भीती मला समजते. पण त्या मुलाला लागलं ते त्याला कटर धरायला कुणी शिकवलं नव्हतं म्हणून, आणि तो दोष माझाही होता, कारण एका तासात पन्नास मुलांपर्यंत मी पोहोचले नव्हते. आता पहिला पूर्ण तास मी फक्त धरणं शिकवते. पातं अंगापासून लांब, दुसरा हात पात्याच्या मागे, पट्टी लोखंडी, खाली जाड पुठ्ठा. एका वेळी सहाच मुलं कापतात, बाकीची घासतात, मोजतात, खळ शिजवतात. मुलांना हत्यार मिळालं की त्यांचा आवाज खाली येतो. तुम्ही एकदा येऊन दारात उभे राहा आणि ऐका.

दुसरी शंका हळू आवाजात विचारली जाते. हा एका धर्माचा सण, बाकीच्यांच्या पालकांना चालेल का? माझ्या वर्गात निम्मी मुलं ख्रिस्ती आहेत, निम्मी नाहीत, आणि बावीस वर्षांत दोनदाच पालक भेटायला आले. दोन्ही वेळा मी त्यांना वर्गात बसवलं. त्यांनी मुलांना कामट्या बांधताना पाहिलं आणि त्यातल्या एका वडिलांनी स्वतः एक खुंटी बसवून दिली. वर्गात प्रार्थना होत नाही. ज्याला गोठा करायचा नसेल तो तारा करतो. पण मला दुसऱ्या बाजूचंही सांगायचं आहे. कापसाचा बर्फ करून आपण समजतो की आपण सगळ्यांना सामावून घेतलं. त्या बर्फात वसईच्या, कोकणातल्या, अहिल्यानगरकडच्या मराठी ख्रिस्ती मुलाचं घर कुठेच नसतं. त्याचा सण त्याला शाळेत परक्या देशाचा होऊन दिसतो. नाचणीबद्दल विचारणारी ती मुलगी हेच सांगत होती, आणि ते कळायला मला सहा-सात वर्षं लागली.

म्हणून माझी मागणी. डिसेंबरात आठवी ते दहावीच्या चित्रकलेच्या दोन तासिका सलग द्या, निदान तीन आठवडे. पस्तीस मिनिटांत खळ शिजते आणि घंटा होते. त्या तासिका सराव परीक्षेसाठी कुणाला देऊ नका. सजावटीची स्पर्धा ठेवू नका, कारण स्पर्धा ठेवली की तारे रात्री घरी आया करतात. ते मी पाहिलं आहे, ताऱ्याच्या गाठींवरून हात ओळखू येतो. आणि बिघडलेले तारेही टांगू द्या. आमच्या व्हरांड्यात मुरडलेले तारे शेवटच्या खांबापाशी असतात आणि मुलं आपल्या आईवडिलांना आधी तेच दाखवतात.

पैसे फारसे लागत नाहीत. बांबू, पतंगाचा कागद, मैदा, दोरा, काचकागद. मात्र बुरुडाला आधी सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी तो सुकलेला बांबू देतो, आणि सुकलेला बांबू पेरापाशी नीट चिरत नाही, तडकतो. मला हिरवा लागतो, जाड सालीचा, लांब पेरांचा. आमच्याकडे तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि शाळेच्या जिन्याखाली ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. तुमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना किंवा सरांना उद्या बोलावून एवढं विचारा, की बांबू कुठून आणायचा आणि कधी.

आपली,
वसईची एक चित्रकला शिक्षिका